आधी पायपीट, मग भाकीत

अद्भुतरम्य रोलप्लेइंग खेळ खेळायला बसणाऱ्याला दोन गोष्टींची ओढ असते: जादूची आणि अनोळखी मुलखाची. डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या वंशातल्या साऱ्या खेळांत चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो. त्याला डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्याने रचलेल्या जगात उतरतात आणि ‘मी असे करतो’ म्हणतात. पुढे काय झाले ते डीएम सांगतो. कधी फासे टाकून, कधी आपल्या विचाराने. खेळाडूने मंत्र टाकला तर काय घडते आणि तो नकाशाबाहेर गेला तर त्याला काय दिसते, या दोन प्रश्नांचा निवाडा हे डीएमचे सर्वांत जबाबदारीचे काम. बहुतेक टेबलांवर हे दोन निवाडे दोन वेगळ्या खात्यांत होतात. जादूला नियमपुस्तकातले कलम लागते. प्रवासाला डीएमला त्या क्षणी सुचेल ते. माझे म्हणणे असे की खाते एकच असले पाहिजे. पात्राची जादू त्याच्या भटकंतीतून यावी आणि तिचा खर्चही भटकंतीच्याच हिशेबात पडावा. याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना तंजावरच्या एका मराठी राजाने लिहिलेल्या नृत्यनाट्यात आहे.

आधी दुखणे सांगतो. २०१४ साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीने खेळाचे तीन खांब मानले: शोध, संवाद आणि लढाई. मग त्याच पुस्तकाने पहिला खांब आतून पोखरला. गुडबेरी नावाचा अगदी पहिल्या पायरीचा मंत्र दहा फळे देतो. एक फळ खाल्ले की माणसाचे दिवसभराचे अन्न झाले. लिओमंड्स टायनी हट हा मंत्र विधी म्हणून सावकाश केला तर जादूगाराच्या शक्तीतले काहीच खर्च होत नाही, आणि आठ तास सगळी टोळी अशा घुमटात झोपते जिथे पाऊस, वारा, श्वापद काही शिरत नाही. रेंजर या प्रकारचे पात्र आपल्या सरावाच्या भूप्रदेशात जादूखेरीज कशानेही वाट चुकत नाही. भूक गेली, रात्र गेली, हरवणे गेले. मग डीएमने जंगलाचे कितीही सुंदर वर्णन केले तरी ते गाडीच्या खिडकीतून मागे जाणारे दृश्य ठरते. खेळाडूला दोष देता येत नाही. पुस्तकाने हातात दिलेली सोय तो वापरणारच.

खेळाची सुरुवात अशी नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांत हा खेळ छापला तेव्हा हिशेब कडक होता. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मोजायचा. उजेडाला मशाल लागायची. प्रत्येक फेरीला डीएम फासा टाकायचा आणि सहा पडले की अंधारातून काहीतरी समोर यायचे. मोकळ्या मुलखातल्या प्रवासासाठी अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीच्या आउटडोअर सर्व्हायव्हल या खेळाचा पट वापरा, असे तिसऱ्या पुस्तिकेत सुचवलेले आहे; आणि त्या खेळाचा विषयच तहानभुकेने न मरता रानातून बाहेर पडणे हा होता. मंत्राची कल्पना जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’वरून घेतलेली: जादूगाराच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात आणि एकदा उच्चारला की तो मंत्र पुसला जातो. या पुस्तिकांतला वरच्या लोकांशी संपर्क साधण्याचा मंत्र मला फार आवडतो. जितक्या वरच्या लोकाला विचाराल तितके प्रश्न जास्त, खरे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त आणि वेड लागण्याची शक्यताही जास्त. भविष्य विचारायला किंमत पडत होती.

पण किंमत कशात घ्यायची हे गायगॅक्स आणि आर्नेसन यांनाही पुरते सापडले नव्हते. वेड लागणे ही शिक्षा झाली. तिचा मुलखाशी संबंध नाही. जादूगार आपल्या मनोऱ्यात बसून तो मंत्र टाकू शकतो आणि उंबरठाही न ओलांडता शंभर कोसांवरची बातमी काढू शकतो. एका मंत्रात मात्र या लोकांना नेमके सुचले होते. टेलिपोर्ट करून दूरच्या जागी एका क्षणात जाता येते, पण ती जागा आपल्या किती ओळखीची आहे यावर सुखरूप पोहोचणे अवलंबून. जागा पाठ असेल तर भीती फार थोडी. नुसते वर्णन ऐकले असेल तर भलतीकडे जाऊन पडण्याचा धोका मोठा. पाचव्या आवृत्तीतही ही ओळखीची उतरंड टिकली आहे. पाहिलेली जागा ही जादूगाराची खरी संपत्ती, एवढे या एका मंत्रापुरते कबूल करून खेळ पुढे निघून गेला. मला तो धागा पुढे न्यायचा आहे आणि त्यासाठी ओरत्तनाडूला जायचे आहे.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की साधारण निम्म्या वाटेवर ओरत्तनाडु लागते. पंचवीसेक किलोमीटर, पायी जाणाऱ्याची एका दिवसाची मजल. पुढे पट्टुक्कोट्टै, मग समुद्राजवळचे राजामडम आणि किनाऱ्याकिनाऱ्याने रामेश्वर. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे होऊन कल्लणै बंधाऱ्याचा नवा कालवा इकडे येईपर्यंत हा भाग कावेरीच्या जुन्या पाटांबाहेरचा होता. भरवसा पावसाचा आणि तळ्यांचा. अशा वाटेवर तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबाळ या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने छत्र बांधले. छत्र म्हणजे धर्मशाळा, अन्नछत्र आणि पाठशाळा एकाच आवारात. तंजावरच्या भोसल्यांनी अशी छत्रे घरातल्या स्त्रियांच्या नावांनी बांधली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र त्यांतलेच.

या छत्रांत काय चाले ते सरफोजींनी १८०१ साली ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला लिहिलेल्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो येईल त्याला शिजवलेला भात. ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई की अजून कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे. वाटेत आजारी पडलेल्याला बरा होईपर्यंत औषधपाणी, सापविंचवाच्या विषावर उपाय जाणणारा वैद्य, वेद शिकवणारे अध्यापक, पोरक्या मुलांना शिक्षण. त्या काळच्या विषमतेत जेवणाच्या पंक्ती वेगळ्या असणार, हे समजून घेऊनच हे वाचले पाहिजे. तरीही मध्यरात्रीच्या त्या घंटेने माझे मन वेधून घेतले आहे.

डीएमच्या डोळ्यांनी हे पत्र वाचा. प्रवासाचे एकक ठरले: छत्र ते छत्र, एक मजल. अंधार पडण्याआधी पोहोचायचे की तळ्याकाठी थांबायचे, ही निवड उभी राहिली. उशीर झाला तर घंटा वाजेपर्यंतचा वेळ हातात. आणि रात्र कोणाबरोबर काढायची ते आपल्या हातात नाही. लिओमंडची झोपडी आणि मुक्तांबाळेचे छत्र शेजारी ठेवून पाहा. झोपडीत दहा ओळखीची माणसे आठ तास झोपतात आणि गोष्ट तिथेच थांबते. छत्रात रामेश्वराहून परतणारा बैरागी असतो, मिठाचे ओझे उतरवून पाठ टेकलेला व्यापारी असतो, तापाने फणफणलेला कोणी असतो, आणि त्या प्रत्येकाजवळ पुढच्या वाटेची थोडीथोडी बातमी असते. सुरक्षित रात्र दोन्हीकडे मिळते. छत्रातली रात्र शोधाचा भाग असते, झोपडीतली शोधाला सुट्टी देते. म्हणून डीएमने झोपडीवर बंदी घालत बसण्यापेक्षा वाटेवर छत्रे बांधावीत. खेळाडू आपण होऊन दिवा दिसेल तिकडे वळतील.

आता जादूकडे वळतो. तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नृत्यनाट्याचा प्रकार आहे. अठराव्या शतकात तो बहरला. तिरुक्कुट्राल कुरवंजी ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध रचना. सांगाडा ठरलेला असतो. नायिका देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहते आणि त्याच्यावर भाळते. विरहाने ती झुरू लागते. तेवढ्यात हातात काठी आणि काखेत टोपली घेतलेली डोंगरची भविष्य सांगणारी बाई, कुरत्ती, दारी येते. नायिका लगेच हात पुढे करत नाही. आधी विचारते की तुझा डोंगर कोणता, तुझा देश कसा, तू कुठे कुठे फिरलीस. कुरत्ती मग आपल्या डोंगराचे वर्णन गाते, पाहिलेले देश सांगते, कुठे भविष्य सांगून काय मिळाले ते सांगते. त्यानंतर हात पाहते आणि तुझा प्रियकर तुला मिळेल म्हणते. नायिका तिला दागदागिने देते. शेवटी तिचा नवरा, पाखरे धरणारा सिंगन, तिला शोधत येतो आणि अंगावरचा एकेक दागिना दाखवून हा कुठला, तो कुठला, असे विचारत राहतो.

हा क्रम मला एखाद्या नियमासारखा दिसतो. आधी फिरल्याचा पुरावा, मग भाकीत, मग मोबदला, आणि शेवटी मोबदल्याचाही जाब. कुरत्तीचे भाकीत नायिका मानते ते तिच्या अंगात देवी येते म्हणून असेल. पण रंगभूमीवर ते पटते ते तिने डोंगर गायला म्हणून. कुडमुडे वाजवत दारी येणारा आपल्याकडचा जोशीही कुठल्या गावाहून आलो, कोणाच्या दारी काय सांगितले, हे बोलत बोलतच पुढच्या माणसाचा विश्वास मिळवत असे.

सरफोजींनी या प्रकारात मराठीत रचना केली: देवेंद्र कुरवंजी. नायिका इंद्राणी, प्रियकर देवेंद्र. कुरवंजी, म्हणजे तीच भविष्य सांगणारी बाई, दारी येते, आपण कुठे कुठे फिरलो ते सांगू लागते, आणि राजाने इथे रूढ डोंगराच्या जागी सबंध पृथ्वी ठेवली. खंडे, देश, नद्या, शहरे. जगाचा भूगोल तिच्या तोंडी येतो. सरफोजी श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. युरोपातले ग्रंथ आणि नकाशे त्यांनी हौसेने जमवले. आजच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव बरेचसे त्यांच्यामुळे आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती मुख्यतः तंजावरचा किल्ला उरला. एवढ्याशा जागेत बसलेल्या माणसाने जगाचा भूगोल कोणाच्या तोंडी घालावा? पंडिताच्या नाही, दरबारी गुरूच्या नाही. पायी फिरणाऱ्या बाईच्या. ज्ञान चालण्यातून येते असे त्याला मनापासून वाटत असावे. पुढे १८२० ते १८२२ या काळात ते स्वतः मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले, आणि त्या यात्रेवरही मराठीत लावण्या रचल्या गेल्या.

कुरवंजीच्या भटकंतीमागे खरा इतिहास आहे आणि खेळ रचणाऱ्याने तो टाळू नये. कुरवर किंवा कोरवा लोक किनाऱ्यावरचे मीठ आतल्या गावांत आणि आतले धान्य इतरत्र गाढवा-बैलांवरून नेत. वाटा, घाट, पाणवठे, बाजारांचे दिवस त्यांना पाठ असत. रेल्वे आली, सरकारचे मिठाचे धोरण आवळत गेले आणि हा व्यापार मोडला. १९११ च्या कायद्यानंतर मद्रास इलाख्यात कोरवांच्या गटांवर गुन्हेगार जमात असा शिक्का बसला. फिरणे हीच त्यांची विद्या होती आणि फिरणे हाच गुन्हा ठरला. आपल्याकडे कैकाड्यांनी आणि इतर जमातींनी सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात हेच भोगले. तो कायदा १९५२ साली गेला. परदेशी खेळांत रंगीत घागरा घालून काचेच्या गोळ्यात पाहणारी भटकी बाई नेहमी दिसते, आणि तिची जादू रक्तातून आलेली दाखवतात. ही माणसांची थट्टा आहे. कुरवंजीची जादू तिने तुडवलेल्या वाटांतून आलेली दाखवली तर खेळ अधिक खरा होतो आणि त्या माणसांना त्यांच्या विद्येचे श्रेय मिळते.

तर टेबलावर निवाडा कसा करायचा? समजा एक खेळाडू कुरवंजी झाला आहे. टोळी ओरत्तनाडूच्या छत्रात आहे, पुढे राजामडमला जायचे आहे, आणि तो म्हणतो, ‘वाटेत दरोडेखोर आहेत का, मी हात पाहून सांगते.’ डीएमने फासा उचलण्याआधी एकच प्रश्न करावा: ही वाट तू चाललीस का? याच मोसमात चालली असेल तर उत्तर पूर्ण आणि खरे द्यावे, फासा नको. दुसऱ्या मोसमात चालली असेल तर जमिनीबद्दलचे उत्तर खरे आणि माणसांबद्दलचे जुने: कोणत्या तळ्यापाशी दबा धरता येतो ते तिला ठाऊक आहे, आज तिथे कोण आहे ते ठाऊक नाही. चाललीच नसेल तर दोन रस्ते उरतात. घंटा होईपर्यंत छत्रातल्या कोणाकडून ती वाट ऐकायची आणि बदल्यात आपली एक वाट सांगायची. किंवा तसाच हात पाहायचा. मग डीएमने तिला खरे चित्र दाखवावे, पण जागा सांगू नये. भिजलेली पालखी, तुटलेला बांध, कोणाचे तरी रडणे, एवढेच. हे कुठले ते तिथे पोहोचल्यावरच कळेल. जादू खोटी पडत नाही, फुकटही जात नाही. ती पात्राला उठून चालायला लावते.

उडणे, अदृश्य होणे, कुलूप उघडणे यांनाही थोडे वाकवून हाच हिशेब लावता येतो. आगीचे गोळे फेकण्याबद्दल मला काही म्हणायचे नाही, लढाईचे नियम त्यांना पुरेसे आहेत.

या पद्धतीत डीएमच्या हाती बरीच सत्ता येते, आणि ती मोकाट सुटू नये म्हणून एक बंधन हवे. नियम मोठे की पंचाचा निर्णय, हा वाद या खेळापेक्षा जुना आहे. प्रशियात राइसविट्झ याने १८२४ साली लष्करी अधिकाऱ्यांसाठी क्रीग्सश्पील या युद्धखेळाचे तपशीलवार नियम केले. त्यात फासे, कोष्टके आणि पंच होता. पुढे १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नुआ याने कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असे मांडले. मी फेर्डीच्या बाजूचा आहे, पण त्याचा पंच रणांगण पाहिलेला होता हे विसरून चालणार नाही. ज्या मुलखाचा निवाडा करायचा तो डीएमला आधी माहीत हवा. म्हणून बैठकीपूर्वी त्याने वाट लिहून काढावी: तळी कुठे, बांध कुठे फुटला आहे, ऐप्पसी या तमिळ महिन्याच्या पावसात कोणता ओढा अडवतो, दरोडेखोर खरेच आहेत की अफवा आहे. लिहिलेले नंतर बदलायचे नाही. खेळाडूने चतुर प्रश्न विचारून सापळा टाळला तर तो टळू द्यायचा. फासा फक्त जे जगातच अनिश्चित आहे त्यासाठी, म्हणजे पाऊस, ताप, उधळलेला बैल. ऐन वेळी दरोडेखोर निर्माण करणारा डीएम खेळाडूच्या जादूचा आणि पायपिटीचा एकाच वेळी अपमान करतो.

यावर आक्षेप येतो की हिशेब ठेवण्यात मजा नाही; दमून आलेल्या माणसाला शनिवारी संध्याकाळी शिध्याचे शेर मोजायचे नसतात. आक्षेप खरा आहे. मशाली आणि भाकऱ्या मोजण्याचा मी आग्रह धरत नाही. मोजायच्या त्या चाललेल्या वाटा, आणि त्या मोजणे ही आठवण काढण्यासारखी सुखाची गोष्ट आहे. सहाव्या बैठकीत एखादा खेळाडू ‘थांबा, ही तळी मी पाहिली आहेत’ म्हणून पुढे सरसावतो तेव्हा त्याला जी शक्ती मिळते ती कोणत्याही पायरीच्या मंत्राने मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की नव्या पात्राने काहीच पाहिलेले नसते, मग त्याने दुबळेच राहायचे का? कोणीही काहीच न पाहता मोठा होत नाही. कुरवंजीला तिचा डोंगर असतोच. प्रत्येक पात्राला त्याचे गाव, त्याचा घाट, एक यात्रा आधीच द्यावी, आणि तेवढ्या मुलखात त्याची जादू पहिल्या दिवसापासून पूर्ण चालावी.

सिद्धींचे काय होते हे आपल्या परंपरेनेही पाहून ठेवले आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने ज्ञानदेवाला पत्र लिहायला घेतले तेव्हा मायना काय घालावा ते त्याला सुचेना, आणि त्याने कोरा कागद धाडला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाघावर बसता येते, मरण परतवता येते, पण समोरच्या माणसाला काय म्हणावे ते ठाऊक नाही. नियमपुस्तकातले सगळे मंत्र मिळवून वरच्या पायरीला पोहोचलेल्या पात्रांची अवस्था मला अनेकदा अशी वाटते. त्यांना सगळे करता येते. त्यांनी पाहिलेले काहीच नसते.

मराठीत खेळ चालवणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे. पुण्या-मुंबईत आणि परदेशातल्या मराठी घरांतही आता हे खेळ चालतात, आणि त्यांतली जंगले, खाणावळी, मनोरे सगळे इंग्लंड-जर्मनीच्या जुन्या गोष्टींतून उसने आणलेले असतात. पुढची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची मोहीम, ओरत्तनाडूच्या वाटेवर सुरू करा. देवेंद्र कुरवंजी मराठीत आहे, सरस्वती महालाने छापलेली आहे. ती मिळवून वाचा. आणि पहिल्याच बैठकीला प्रत्येक खेळाडूला पात्राच्या कागदावर, मंत्रांच्या यादीच्या वर, त्या पात्राने आजवर चाललेल्या वाटांची यादी लिहायला लावा.